‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, हे सबटायटल सांगत नाही

प्रश्न : फ्रेंचच्या वर्गात सिनेमा दाखवते. सबटायटल्स कुठल्या भाषेत ठेवू?

आख्खा सिनेमा नको. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या आणि चारदा दाखवा. आधी आवाज बंद : कोण कोणाचं कोण लागतं, ते हावभावांवरून ओळखायचं. मग आवाजासह, पण सबटायटल्सविना. तिसऱ्यांदा फ्रेंच सबटायटल्स लावा, शेवटी पुन्हा काढा. इंग्रजी सबटायटल्स असले की मुलं वाचत बसतात, ऐकणं राहतं. शिवाय नेमकं महत्त्वाचं गळतं. दोघं ‘व्हू’वरून ‘त्यू’वर आले, म्हणजे ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. इंग्रजीत आधीही ‘यू’ आणि नंतरही ‘यू’च. मराठी मुलांना हा फरक समजवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो.

प्रश्न : एआयकडून संवाद उतरवून घेतले, पण ऐकू येतं त्याच्याशी जुळत नाहीत.

व्हिस्परसारखी साधनं बोलणं उतरवताना अनेकदा ते परस्पर सुधारतात. पात्र म्हणतं ‘शे पा’ (‘माहीत नाही’), कागदावर येतं ‘झ न से पा’. व्याकरण चोख, पण बोलताना ‘न’ गाळतात हे शिकवायचं होतं, तेच गेलं. दुसरी खोड जास्त त्रासाची : शांततेवर किंवा पार्श्वसंगीतावर कधीकधी कोणीच न बोललेली वाक्यं उमटतात. तेव्हा नुसत्या संगीताचे तुकडे आधी कापा आणि उतारा एकदा स्वतः ऐकत तपासा. चुकीच्या उताऱ्यावरून गाळलेल्या जागा भरायला दिल्या, तर बरोबर ऐकणाऱ्याचेच गुण जातात. एसआरटी फाइल (सबटायटल्स वेळेसह साठवणारी मजकूर फाइल) हाताने दुरुस्त करताना सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम ठेवा, टिंब नव्हे.

प्रश्न : मुलं एआयकडून प्रसंगाचं सांस्कृतिक विश्लेषण आणतात. सगळी एकसारखी आणि गुळगुळीत.

नुसतं नाव सांगून विचारलं, तर एआय सिनेमाबद्दल वाचलेल्या मजकुरावरून बोलतं. प्रसंग त्याच्यासमोर नसतो. सिनेमात नसलेल्याच प्रसंगाबद्दल विचारून बघा, बऱ्याचदा तोही रंगवून सांगेल. म्हणून आधी मुलांनी प्रत्येकी पाच निरीक्षणं वेळेसह लिहावीत. ‘पाहुण्याने कोट काढला नाही’ हे निरीक्षण; ‘पाहुणा रागावलाय’ हा लावलेला अर्थ, तो खोडा. मग निरीक्षणं आणि संवाद एआयला देऊन त्याच वागण्याचे तीन अर्थ मागा : वयावरून, सामाजिक स्तरावरून, पात्राच्या स्वभावावरून. ‘फ्रेंच लोक असेच असतात’ हे उत्तर बाद. कुठला अर्थ प्रसंगात टिकतो, ते पुन्हा क्लिप बघून मुलांनीच ठरवायचं.

प्रश्न : त्याच पात्रांचा संवाद एआयबरोबर बोलायला देऊ का?

जरूर. भूमिका, नातं, ‘व्हू’ की ‘त्यू’, आणि चुका शेवटीच सांगायच्या, हे चारही आधी लिहून द्या. शेवटचं राहिलं, तर प्रत्येक वाक्याला दुरुस्ती येते आणि मूल तिसऱ्या वाक्यानंतर गप्प होतं.