हार्डनर, रात्रीचा खोकला आणि मास्क

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३४) भोसरीत गाड्यांचं पेंटिंग करतो. चार महिन्यांपासून रात्री खोकल्याची उबळ येते, छाती घरघरते. गावी आठवडाभर राहिला की बरा असतो. एक्स-रे स्वच्छ आहे, डॉक्टरांनी पंप दिलाय. मालकाने कार्ट्रिजचा (हवा गाळणारी डबी लावलेला) मास्क दिलाय. तो लावून काम चालू ठेवावं का?

उत्तर : आधी हार्डनरच्या, म्हणजे रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात त्या द्रवाच्या, डब्यावरचं लेबल वाचा. टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) रंगाच्या आणि क्लिअर कोटच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट हे रसायन असतं. त्याने होणारा दमा पुष्कळदा असाच वागतो : कामावर फारसं जाणवत नाही, काही तासांनी, म्हणजे ऐन रात्री, उचल खातो. एक्स-रेमध्ये दमा दिसत नाही, तेव्हा त्यावर निर्धास्त राहू नका.

पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं उपकरण, आणा. उठल्यावर आणि मग दर चार तासांनी, दिवसातून किमान चारदा मोजायचं. प्रत्येक वेळी उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. पंप त्यानंतर. शेजारी त्या दिवशीचं काम : स्प्रे, घासाई, सुटी. असं चार आठवडे. कामाच्या दिवसांत आकडे घसरतात आणि सुटीत चढतात असं दिसलं, तर तो कागद छातीरोगतज्ज्ञांना दाखवा. नोकरी आधीच सोडली तर ही तुलनाच करता येत नाही. मात्र धाप लागून बोलता येईनासं झालं, तर नोंदी राहू द्या, थेट दवाखाना गाठा.

आता मास्क. नाकाला जाणवतो तो थिनर. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत हवेतलं प्रमाण मर्यादेपलीकडे गेलेलं असतं. त्यामुळे कार्ट्रिज संपली हे कळतच नाही, आणि दाढीचे खुंट असले तर मास्कची कड बसत नाही. स्प्रेला नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. स्प्रे गन थांबली की लगेच तोही वर करायचा नाही. न दिसणारा फवारा साध्या खोलीत वीस मिनिटंही तरंगतो. गन धुतानाही तोच धोका.

पण हे त्याच्या सोबत्यांसाठी. दमा याच कारणाने आहे असं ठरलं, तर त्याला अत्यल्प प्रमाणही झटका आणू शकतं. टू-के पूर्ण बंद. त्याच शेडमध्ये डेंटिंगला बसवणं ही पळवाट झाली. लवकर बाजूला झालेल्यांचा दमा अनेकदा सुधारतो, पंपाच्या जोरावर रेटणाऱ्यांचा मुरतो.

१९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत आयसोसायनेट विषबाधा होती; नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टातही ती आहे. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर केसपेपरवर ‘स्प्रे पेंटर, टू-के हार्डनर’ असं आजच लिहून घ्या.