वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या चळवळीची कागदपत्रे

प्रश्न : आजोबा कोल्हापूर संस्थान प्रजा परिषदेचे, म्हणजे संस्थानात प्रजेच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे, कार्यकर्ते होते. त्यांची पत्रके, पत्रे, कात्रणे ट्रंकेत आहेत. नातवंडांसाठी लॅमिनेट करून ठेवू का?

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका. उष्णतेने कागदावर बसलेले प्लॅस्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही. सेलोटेपही नको, त्याच्या गोंदाचे तपकिरी डाग पडतात.

कागद उघडायचे ते थंडीच्या कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की चिकटलेल्या घड्या सोडवताना फाटतात. गंजलेली स्टेपलरची पिन ओढू नका. खाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा सरकवा, पिनेचे वळलेले पाय बोथट सुरीने सरळ करा, मग ती काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो आणि शेजारच्या पत्रालाही पिवळे करतो, म्हणून कात्रणे वेगळी ठेवा. बाकीचे आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, घडी न घालता. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर हवे. लाकडी कपाटाला वाळवीची भीती.

स्कॅन ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके), टिफ (TIFF) या फाइल स्वरूपात करा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

सर्वांत निकडीचे काम मात्र माहिती लिहून ठेवण्याचे! पत्र कोणी, कोणाला, कधी लिहिले, फोटोत कोण आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. पाकिटावर पेन्सिलीने लिहा, तेही पत्र आत घालण्याआधी, नाहीतर वळ उमटतात. मोडीतले कागद जाणकाराकडून वाचून घ्या. मूळ कागद सुपूर्द करायचे असतील तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. संस्थानची दप्तरे तिथेच आहेत.