ड्रॅगन क्वेस्ट ११ एस हा व्हिडिओ गेम पहिलाच जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा, कथेवर चालणारा खेळ) म्हणून घ्यावा का? त्यात काय चांगलं आणि काय खटकतं?

हो, नक्की घ्या, फक्त सुरुवातीच्या संथ तासांत धीर सोडू नका. श्रेयनामावलीनंतर येणाऱ्या कथेच्या तिसऱ्या भागासह पूर्ण खेळलोय, त्यावरून सांगतो. सर्वांत मोठं बळ म्हणजे पाळीपाळीची लढाई: नियम पटकन कळतात, लढाई चालू असतानाही सोबती बदलता येतात आणि कौशल्यांचे गुण चुकीच्या जागी खर्च झाले तर थोडं सोनं मोजून परत मिळतात. नवख्याला एवढी मोकळीक फार कमी खेळ देतात. पात्रं 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामांनी रेखाटलेली आहेत, आणि त्यातला सर्कसवाला सिल्व्हांडो तर जीव लावतो.

खटकणाऱ्या गोष्टी:
- नायक मुका आहे, त्यामुळे दुःखाचे प्रसंगही त्याच्या चेहऱ्यावर पोहोचत नाहीत.
- त्याच त्या धून पुन्हा पुन्हा वाजतात.
- तिसऱ्या भागातलं एक वळण दुसऱ्या भागातल्या वेदनेची धार बोथट करतं. मला ते आजही पटलेलं नाही.

लढाया सोप्या वाटतील अशी शंका असेल तर नवा खेळ सुरू करतानाच 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' या खेळ अवघड करणाऱ्या अटींच्या यादीतला बलवान राक्षसांचा पर्याय निवडा. तो नंतर बंद करता येतो, चालू नाही. मात्र हे सगळं २०१९च्या 'एस' आवृत्तीबद्दल आहे. २०१७च्या मूळ खेळात वाद्यवृंदाचं संगीत नाही. मोफत डेमो सुमारे दहा तासांचा आहे आणि त्यातली प्रगती पूर्ण खेळात नेता येते, तेव्हा आधी तोच खेळा.