कँटर (दुडक्या चालीच्या पुढची, वेगवान चाल) मागितला की तरुण घोडी नुसती ट्रॉटमध्येच (दुडक्या चालीतच) पळत सुटते. तिला स्वारासह कँटर कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की घोडी ४ वर्षांची आहे, वॉक आणि ट्रॉट पाठीवर स्वार घेऊन छान करते, पण कँटरसाठी टाच दिली की ट्रॉटचाच वेग वाढवत सुटते, वळणावर आत झुकते आणि दोनदा तिने उसळीही मारली. आणि तुम्हाला कुणीतरी सल्ला दिलाय की चाबूक घेऊन अजून पळवा, आपोआप कँटर लागेल. कृपा करून हे करू नका. बहुतेक तरुण घोड्यांचा कँटर बिघडतो तो इथेच.

तिला कँटर येतो. मोकळी सोडलीत की ती तो स्वतःहून करते, तुम्ही पाहिलंच असेल. तिला अजून जमत नाहीये ते पाठीवर माणूस असताना तोल सांभाळणं. हे का अवघड आहे ते पाय कसे पडतात ते पाहिलं की कळतं. ट्रॉट दोन ठोक्यांचा, तिरक्या जोडीने पाय पडतात, त्यामुळे वजन कायम वाटलेलं असतं. कँटर तीन ठोक्यांचा. डाव्या लीडवर, म्हणजे पुढचा डावा पाय शेवटी आणि सर्वांत पुढे पडतो तेव्हा, पहिला ठोका मागच्या उजव्या पायाचा, दुसरा मागचा डावा आणि पुढचा उजवा एकत्र, तिसरा पुढच्या डाव्याचा, मग क्षणभर चारही पाय अधांतरी. म्हणजे सुरुवातीला बाहेरच्या बाजूच्या एकट्या मागच्या पायावर घोडी आणि तुम्ही असं दोघांचं वजन येतं. तो पाय पोटाखाली नीट आला तरच ती कँटर उचलू शकते. ट्रॉटमध्ये पळवलीत की वजन पुढच्या पायांवर जातं आणि मागचे पाय मागेच रेंगाळतात. मग ती कँटरमध्ये जाते ती अक्षरशः पुढे कोलमडत, आणि पुढच्या वेळी तसंच करायचं असतं असं धरून चालते.

शिकवण्याआधी खोगीर तपासा. कँटरमध्ये पाठ आणि खांदे जास्त हलतात, त्यामुळे ट्रॉटला चालून जाणारं खोगीर इथे खांद्याला रुतू शकतं. या वयात स्नायू भरतात आणि पाठीचा आकार बदलत राहतो, तेव्हा गेल्या वर्षी बसलेलं खोगीर आजही बसेल असं नाही. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा), पाठ, दात हेही बघून घ्या. पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साधारण ५-६ वर्षं लागतात, म्हणून ४ वर्षांच्या घोडीकडून लांबलचक कँटर मागूच नये.

मग आधी स्वाराशिवाय, खोगीर घालून, लंजच्या दोरीवर (घोड्याला आपल्याभोवती वर्तुळात फिरवायची लांब दोरी). वर्तुळ मोठं ठेवा, २० मीटरच्या आसपास. लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो आणि तोल आणखी जातो. एकच शब्द ठरवा आणि दर वेळी त्याच सुरात उच्चारा. शब्द ऐकून ती शांतपणे कँटर उचलू लागली, की तोच शब्द पाठीवरून तुमच्या कामी येतो. पायांचे इशारे तिला नवे असतात, शब्द ओळखीचा असतो. दोन्ही बाजू धरून १०-१५ मिनिटं पुरेत.

आता पाठीवरून. सगळी कला कँटर मागण्याआधीच्या दोन-चार ट्रॉटच्या पावलांत आहे, आणि तिथे लोक उलटं करतात. वेग वाढवू नका, किंचित कमी करा. ट्रॉट लयीत आहे, मान ताठलेली नाही, वळणावर ती आतल्या बाजूला हलकीशी वाकली आहे, असं वाटलं की मैदानाच्या कोपऱ्यात मागा: बाहेरचा पाय तंगाच्या जरा मागे, आतला पाय तंगापाशी, आणि सोबत तो शब्द. आतला हात मऊ, म्हणजे तिला पुढे जायला वाट मिळते. या क्षणी पुढे झुकायचा मोह होतो, तो टाळा. तिने उचललं की मग बैठक हलकी करा, मानेतला पट्टा किंवा आयाळ धरा, लगामाला लटकू नका. तोंडाला एक हिसका बसला की पुढच्या वेळी ती कँटरच टाळते.

नाही उचललं आणि पळू लागली, तर पाठलाग करू नका. एक वर्तुळ घ्या, ट्रॉट परत शांत करा, पुन्हा मागा. पहिल्या दिवसांत चांगली ५-६ पावलं मिळाली की तिचा तोल सुटायच्या आत स्वतःच आवाजाने ट्रॉटवर आणा आणि भरपूर शाबासकी द्या. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन्ही बाजूंना थोडंसंच. बाकीच्या दिवशी ट्रॉट-वॉक-ट्रॉटचे बदल करून घ्या; कँटरला लागणारी मागच्या पायांची ताकद त्यातून येते.

माझं स्वतःचं मत असं, की मैदानात अडत असेल तर हलका चढ असलेला सरळ, मऊ रस्ता शोधावा आणि पुढे एक अनुभवी, शांत घोडा ठेवावा. चढावर मागचे पाय आपसूक कामाला लागतात आणि वळणाचा प्रश्नच नसतो. फक्त तबेल्याच्या दिशेने किंवा उतारावर कधीच नाही.

चुकीच्या लीडला (वळणाच्या आतल्याऐवजी बाहेरचा पाय पुढे पडला तर) शिक्षा नको, शांतपणे ट्रॉटवर या आणि पुढच्या कोपऱ्यात परत मागा. पुढचे पाय एका लीडवर आणि मागचे दुसऱ्या असं झालं तर खोगिरात आडवे हेलकावे बसतात, तेव्हाही तेच. श्वासाकडे कान ठेवा: कँटरमध्ये घोड्याचा श्वास पावलांशी बांधलेला असतो, प्रत्येक फेकीला, म्हणजे तीन ठोक्यांच्या एका फेरीला, एक. तो मोकळा, नियमित ऐकू येऊ लागला म्हणजे ती सैल झाली आहे. ताणात असली तर श्वास रोखून धरते, आणि उसळी बहुधा त्याच सुमारास येते. अशा वेळी तिचं डोकं खाली जाऊ देऊ नका आणि तिला पुढे चालती ठेवा. हेल्मेट घाला, आणि पहिल्या काही वेळा जमिनीवर जाणकार माणूस असू द्या.

ती उसळते ती एकाच बाजूला की दोन्हीकडे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकाच बाजूला उसळत असेल, किंवा एक लीड ती काही केल्या घेतच नसेल, तर शिकवणं थांबवा आणि आधी पशुवैद्याकडून पाठ आणि मागचे पाय तपासून घ्या.