साडेतीन लाखांत घरच्या स्टीरिओसाठी हाय-एंड स्पीकर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की खोली १० बाय १२ फुटांची, ऐकणं मुख्यतः ख्याल आणि थोडं जॅझ, ६० वॉटचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आधीपासून घरात, आणि डीलर म्हणतोय की एवढे पैसे घालताय तर टॉवरच, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकरच घ्या. माझं मत सांगतो: टॉवर घेऊ नका. आधी लगीन खोलीचं, मग स्पीकरचं.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही खालचे सूर अडकून राहतात. कोणते, ते काढायला ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला साधारण ३४३ मीटर, घ्यायचा आणि भिंतींमधल्या अंतराच्या (तेही मीटरमध्ये) दुपटीने भागायचा. तुमच्या १२ फुटांना येतात ४७ हर्ट्झ आणि १० फुटांना ५६. त्यात स्लॅबही दहा फुटांवर असेल तर रुंदी आणि उंची दोन्ही ५६ वरच येतात, मग तो सूर दुपटीने फुगतो. ३०-३५ हर्ट्झपर्यंत जाणारा टॉवर या जागी ठेवणं म्हणजे आगीत तेल. चांगला बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचा छोटा स्पीकर ५०-६० च्या आसपास हळूहळू उतरायला लागतो, तिथे खोलीची ही भर उलट उपयोगी पडते.

आणि तुमच्या गाण्याला खाली किती जायचंय तेही बघा. काळी एक पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळपास असतो. जॅझमधल्या डबल बासची सगळ्यात खालची तार ४१. ती पुरती हवीच असेल तर नंतर एक छोटा सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर घ्या. तो खोलीत कुठेही सरकवून योग्य जागा शोधता येते, टॉवरचा वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग) तसा सरकत नाही.

आता नावं. १९७० च्या दशकात बीबीसीने बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या व्हॅनमध्ये मावेल असा एक छोटा मॉनिटर स्पीकर बनवून घेतला, एलएस३/५ए. माणसाचा आवाज जसाच्या तसा यावा, यावर त्यात सगळा भर होता. हार्बेथ या ब्रिटिश कंपनीचा पी३ईएसआर त्याच वळणाचा: बंद पेटी, मागे पोर्ट (हवा जायचं भोक) नाही, म्हणून भिंतीजवळ कमी कुरकुर करतो. गळा ऐकायचा असेल तर मी डोळे मिटून हाच सांगेन. दुसरा केईएफ कंपनीचा एलएस५० मेटा. याचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा भाग) वूफरच्या मधोमध बसवलेला आहे, त्यामुळे छोट्या खोलीत जवळ बसूनही आवाज एकाच बिंदूतून आल्यासारखा वाटतो. पोर्ट मागे आहे, तेव्हा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ठेवावा लागतो. दोन्हींत तुमचं बजेट पुरून उरावं. आयात माल आहे, भाव डीलरगणिक बदलतो.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघून घाबरू नका. हार्बेथचा तो ८३ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. या हिशेबाने तुमचा ६० वॉटचा अ‍ॅम्प त्याला एक मीटरवर शंभरीपर्यंत नेतो. दहा बाय बाराच्या खोलीत ख्याल ऐकायला याहून जास्त लागतच नाही. (खालच्या मजल्यावरच्या काकूंचाही विचार करायचाय.) ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा आकडा मात्र तपासा, चारच्या खाली घसरणारे स्पीकर स्वस्तातल्या अ‍ॅम्पला झेपत नाहीत.

शोरूममध्ये जाल तेव्हा त्यांची डेमो डिस्क बाजूला ठेवून स्वतःची ध्वनिमुद्रणं न्या. पहिली दोन मिनिटं फक्त तानपुरा ऐका. जवारी (तार घोडीवर झणकण्याची ठेवण) नीट लागलेल्या तानपुऱ्यात स्वर सतत उमलत राहतो, त्यातून वरचा गंधार आपोआप डोकावतो. स्पीकर झगमगीत असेल तर नुसती झणझण ऐकू येते, गंधार नाही. मग विलंबितातला डग्गा. तबलजी मनगटाने दाबत घुमारा वर नेतो तेव्हा तो चढ सलग, एकाच वजनाने ऐकू यायला हवा. मध्येच एखादा सूर ढम्म करून उठला तर दोष स्पीकरचा की खोलीचा हे ओळखायला स्पीकर जरा पुढेमागे करून बघायला सांगा. अर्ध्या तासाने कान थकले तर तो स्पीकर कितीही नावाजलेला असो, सोडून द्या.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाज समान करूनच ऐका. जरा मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमी ‘चांगला’ वाटतो, आणि हे विक्रेत्याला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट माहीत असतं. डोळेही फसवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर ऐकवले. स्पीकर दिसायला लागल्यावर ऐकणाऱ्यांचे गुण बदलले, आणि ऐकणारे होते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच लोक!

शेवटचा निकाल घरीच लावा. पैसे देण्याआधी शनिवार-रविवारसाठी जोडी घरी मिळेल का ते विचारा. या किमतीला बरेच डीलर तयार होतात, अनामत घेतील फार तर. स्पीकर दहा फुटांच्या भिंतीकडे ठेवा म्हणजे १२ फुटांची लांबी तुमच्या बाजूने राहील. मागच्या भिंतीला टेकून बसू नका, तिथे बास फुगतो. अगदी मधोमधही नको, तिथे ४७ चा सूर गायब होतो. एक टाळी वाजवा. टर्रर्र असा पडसाद आला तर फरशीवर जाड सतरंजी, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि खिडकीला जड पडदा एवढं आधी करा. पंचवीस हजारांच्या केबलने जे होणार नाही ते यातून होतं.

केबलचं म्हणाल तर २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर पुरते. वाचलेले पैसे जड स्टँडवर घाला, आणि स्टँड घेताना खुर्चीत बसून उंची मोजा: ट्वीटर कानाच्या रेषेत यायला हवा.