पोलिसाने गाडी थांबवली आणि कमरेला पिस्तूल आहे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात परवान्याने पिस्तूल बाळगतोस, तर पोलिसाने गाडी थांबवताच ते आपणहून सांगायचं, कायदाच तसा आहे. शेजारच्या ओहायोत 2022 पासून विचारल्यावर सांगितलं तरी चालतं.

रात्री आतला दिवा लाव, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. सुरुवात ‘गन’ शब्दाने नको. "माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, काय करू सांगा," एवढंच बोल आणि थांब. 2016 साली मिनेसोटात पोलिसाने थांबवलेल्या फिलँडो कॅस्टिल या गाडीचालकाने पिस्तूल असल्याचं सांगितलं होतं, परवानाही होता. तरी काही सेकंदांत पोलिसाने गोळ्या झाडल्या. म्हणून पोलीस सांगेपर्यंत हात जागचा हलवू नकोस, माझं कळकळीचं सांगणं आहे. पाकीट पिस्तुलाच्या बाजूच्या खिशात तर ठेवूच नकोस.