आधी कवटी हातात घे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. संपत आलंय, लॅबमध्ये मन लागत नाही, आणि पुढे ‘जीवशास्त्राचा इतिहास आणि तत्त्वज्ञान’ शिकायचंय असं सांगितलं की घरात सगळे गप्प होतात. हे सगळं मला समजतं. खटकलं ते एकच वाक्य: ‘निदान पिपेट तरी सुटेल.’ पिपेट, म्हणजे लॅबमधलं हातचं काम, सुटावी म्हणून या विषयात येऊ नकोस.

का, ते सांगते. इरावतीबाई कर्वे तुला महाभारतावरच्या लेखनामुळे माहीत असतील. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी, मग मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्र, आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या गेल्या बर्लिनला. तिथे शहराच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. फिशरची धारणा अशी, की गोऱ्या लोकांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जास्त फरक असतो आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. बाईंनी युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या मिळून १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण तिचं वंशाशी नातं सापडलं नाही. मार्गदर्शकाची धारणा काहीही असो, प्रबंधात त्यांनी जे सापडलं तेच लिहिलं.

ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगतात, आणि मलाही त्यांचा अभिमान आहे. पण तुझं काम त्यापुढे सुरू होतं.

काही वर्षांपूर्वी मी एका शरीररचना विभागातून कवटी मागून घेतली आणि दोन विद्यार्थ्यांबरोबर कॅलिपर घेऊन मोजायला बसले. डावी बाजू किती, उजवी किती, हे सांगायचं तर आधी मध्यरेषा हवी. नाकाच्या मुळाशी दोरा धरला, माथ्यावरून मागच्या उंचवट्यापर्यंत ताणला, तर माथ्यावरची शिवण, म्हणजे हाडं जुळतात ती रेघ, दोऱ्याखालून चक्क एका बाजूला सरकलेली. कवटीच वाकडी, मग मध्य आणायचा कुठून? तिघांचे आकडे तीन आले. त्या दुपारी मला नीट कळलं की मध्यरेषा ठरवावी लागते, आणि ती कशी ठरवली यावर ‘असमानता’ किती निघणार ते अवलंबून असतं. मोजमापात मोजणाऱ्याचा निर्णय कुठे शिरतो, हा खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. तो मी पुस्तकात आधी वाचला होता, पण कळला तो दोरा हातात धरल्यावर.

इतिहासाचा प्रश्न आणखी जड आहे. त्या कवट्या कोणाच्या? अशा संग्रहांमध्ये वसाहतींतून आणलेले अवशेष होते आणि त्या माणसांना कोणी विचारलेलं नव्हतं. पुढे बाईंनी स्वतः महाराष्ट्रातल्या जातींची शरीरमापं घेतली. म्हणजे उच्च-नीच त्यांच्या आकड्यांनी नाकारलं, पण माणसांचे गट मापांनी ओळखता येतील ही कल्पना त्यांनी सोडली नाही. हे दोन्ही एकाच बाईचं काम आहे. ते दोन्ही एकत्र धरून लिहिता येणं फार अवघड आहे आणि तेच मला तुझ्याकडून हवंय. नुसती आरती किंवा नुसता खटला लिहायला पीएच.डी. लागत नाही.

बर्लिनमधली फिशरच्या संस्थेची इमारत अजून उभी आहे. बाई परतल्यानंतर काही वर्षांनी त्याच संस्थेत आउश्वित्सच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेलेने पाठवलेले माणसांचे अवशेष पोचत होते. आज तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर विज्ञानाच्या इतिहासाची माक्स प्लांक संस्था आहे. कधी गेलीस तर आधी जुन्या इमारतीपाशी जाऊन ये.

आता नोकरीचं. आपल्याकडे या नावाचा विभाग शोधलास तर जवळजवळ सापडणारच नाही. आयआयटी-आयसरच्या मानव्यविद्या विभागांत किंवा तत्त्वज्ञानाच्या विभागांत एखादी जागा निघते, आणि तिथेही तुला स्वतःची ओळख करून द्यावी लागते. माझ्या पहिल्या मुलाखतीत मला तीनदा विचारलं गेलं, ‘पण तुम्ही नक्की कुठल्या विभागाच्या?’ मी रडकुंडीला आले होते. बाहेर केंब्रिज, पिट्सबर्ग इथे स्वतंत्र विभाग आहेत आणि व्हिएन्नाजवळ क्लोस्टरनॉयबुर्गला उत्क्रांतीच्या अभ्यासाची कोनराड लोरेन्झ संस्था शिष्यवृत्त्या देते. पण तिथून परत आल्यावरही कायमची जागा मिळायला वर्षं जातात. घरचं कर्ज असेल, कोणी तुझ्या पगारावर अवलंबून असेल, तर आधी शिकवण्याची नोकरी धर आणि प्रबंध सावकाश कर. त्यात कमीपणा अजिबात नाही.

जर्मन मात्र आजच सुरू कर. बाईंचा प्रबंध जर्मनमध्ये आहे, मेंडेलचा १८६६चा वाटाण्यांवरचा निबंधही. भाषांतरात एखादा शब्द आजच्या अर्थाने येऊन बसतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ‘जीन’ हा शब्दच १९०९चा, डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेनचा. मेंडेलच्या तोंडी तो घालणारी पाठ्यपुस्तकं मी आजही तपासते.

दिवाळीनंतर ये. येताना तुझ्या लॅबची वही आण, फसलेल्या प्रयोगांची पानंसुद्धा. सुरुवात तिथूनच करू. कवटी मी मागून ठेवते.

तुझी,
बाई